ब्रेझाला पीपीएफ की व्हिनाइल रॅप? आचऱ्याच्या खाऱ्या हवेत वर्षभर वापरून

एकतीस वर्षं एसटी चालवली, त्यातली शेवटची बावीस मालवण आगारातून. एवढ्या वर्षांत बॉनेटवर किती खडे बसले, ते कधी मोजले नाहीत. गाडी महामंडळाची, रंग मारणारं वर्कशॉपही महामंडळाचं. निवृत्तीनंतर २०२३च्या दसऱ्याला पहिल्यांदा स्वतःच्या नावावर गाडी घेतली, निळी ब्रेझा. तिसऱ्याच आठवड्यात कणकवलीहून परत येताना पुढच्या डंपरच्या चाकाखालून खडी उडाली आणि टण्णकन बॉनेटवर बसली. घरी येऊन बघतो तर तांदळाच्या दाण्याएवढा रंग उडालेला आणि आत पत्रा चमकत होता.

घाटावर हा डाग महिनोन्महिने तसाच राहिला असता. आमचं घर समुद्रापासून चालत सात-आठ मिनिटांवर आहे. इथे खिडकीचे गज दर दोन वर्षांनी घासून रंगवावे लागतात, नाहीतर पापुद्रे सुटतात. बॉनेटवरचा तो दाणा पंधरा दिवसांत तांबूस झाला. टचअप पेनने बुजवला, पण आत्ता दुरुस्त करत बसण्यापेक्षा पुढचे खडे झेलायला काहीतरी लावावं, हे त्याच दिवशी ठरलं. काय लावावं, रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म (पीपीएफ) की रंगीत व्हिनाइलचं रॅप, हे ठरायला मात्र पुढचं वर्ष गेलं. त्या वर्षात जे कळलं आणि लावून झाल्यावर पुढच्या वर्षात जे दिसलं, ते सगळं इथे लिहितोय. किनाऱ्यावर राहणाऱ्या गाडीवाल्यांना हे इतर कुठे नीट वाचायला मिळत नाही.

पुण्याला राहणाऱ्या माझ्या भाच्याने त्याची पांढरी गाडी मॅट राखाडी व्हिनाइलमध्ये गुंडाळून घेतली होती. तो म्हणाला, "मामा, रॅपच करून घ्या. निम्म्या पैशात होतं आणि गाडी ओळखू पण येत नाही." कुडाळच्या दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, तुम्हाला खड्यापासून वाचवायची आहे ना? मग पीपीएफ." दोघांचे आकडे लिहून घेतले. पूर्ण गाडीला व्हिनाइल ४८ हजार, पूर्ण गाडीला पीपीएफ ९५ हजार, आणि फक्त पुढच्या भागाला पीपीएफ ३४ हजार. मंडळींना आकडे दाखवले तर म्हणाली, "पंच्याण्णव हजार? तेवढ्यात सगळ्या घराची कौलां बदलून होतली!" तिचं चूक नव्हतं. पावसाळ्यात माजघरात दोन ठिकाणी खरंच गळत होतं.

आधी दोन्ही वस्तू काय आहेत ते सांगतो, कारण दुकानात दोन्हीला सर्रास "फिल्म" म्हणतात आणि गिऱ्हाईक गोंधळतं. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, रंगीत, पातळ, साधारण ८० ते १०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कामच मुळी रंग आणि पोत बदलण्याचं: मॅट, चकचकीत, कार्बन फायबरसारखं, हवं ते. पीपीएफ म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म. चांगली असेल तर ती थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची असते, म्हणजे टीपीयूची. पारदर्शक, रबरासारखी लवचिक आणि जाड, १५० ते २०० मायक्रॉन. कारखान्यातून येणारा गाडीचा सगळा रंग, प्रायमरपासून वरच्या क्लिअर कोटपर्यंत, बहुधा १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे पीपीएफ लावली की रंगाच्या जाडीइतकी किंवा त्याहून जास्त गादी वर बसते. या फिल्मची सुरुवात व्हिएतनाम युद्धाच्या काळात झाली. हेलिकॉप्टरच्या पात्यांची कड वाळू आणि खड्यांनी झिजायची, म्हणून थ्रीएम कंपनीने पॉलियुरेथेनची टेप काढली. हे वाचलं तेव्हा माझं मन अर्धं तिकडे झुकलं. जी वस्तू खडा झेलायलाच जन्माला आली, ती मुंबई-गोवा महामार्गाला लागू पडणारच.

पण नुसत्या वाचण्यावर चौतीस हजार घालायची माझी तयारी नव्हती. कुडाळच्या त्या मुलाकडून दोन्ही फिल्मची कातरणं मागून घेतली. कणकवलीच्या भंगारवाल्याकडे एका अपघाती गाडीचं बॉनेट मिळालं, चारशे रुपयांना. रंग मूळचा, एका कोपऱ्यात चेपलेलं. दुकानातल्या मुलानेच त्यावर दोन चौकोन चिकटवून दिले, एक व्हिनाइल, एक पीपीएफ, आणि मधला भाग उघडा ठेवला. एप्रिल २०२४मध्ये ते बॉनेट अंगणात दक्षिणेकडे तोंड करून माडाच्या बुंध्याला टेकवलं आणि गणपती होईपर्यंत तिथेच ठेवलं.

पहिली गोष्ट खड्यांची. रस्त्याच्या कामाची काळी बारीक खडी आणली आणि नातवाच्या बेचकीने पंधरा फुटांवरून प्रत्येक भागावर दहा-दहा मारले. जांभ्याचे खडे मुद्दाम घेतले नाहीत, ते मऊ असतात, फुटून जातात. महामार्गावर जे उडतात ते काळेच. उघड्या भागावर दहापैकी सात ठिकाणी रंग उडाला. व्हिनाइल चार ठिकाणी फाटलं आणि तिथला खालचा रंगही गेला. बाकी ठिकाणी पांढरट ठसे उमटले. पीपीएफवर दोन बारीक खळगे दिसले. पुढे गणपतीनंतर ती सोलून काढली तेव्हा खालचा रंग जसाच्या तसा होता. बेचकीचा खडा आणि ऐंशीच्या वेगात समोरून येणारा खडा सारखा नव्हे, हे मला कळतं. पण दोन फिल्ममधला फरक डोळ्यांना दिसायला तेवढं पुरलं.

मग ओरखडे. खराट्याने तिन्ही भाग घासले, जसं आमच्या अरुंद पाणंदीत करवंदीच्या जाळ्या दारांना घासतात तसं. पीपीएफवरच्या बारीक रेघांवर चहाच्या भांड्यातलं गरम पाणी ओतलं आणि मिनिटभरात रेघा विरल्या. "सेल्फ हीलिंग" म्हणतात ते हेच. वरचा थर उष्णतेने सैल होऊन पुन्हा सपाट होतो. एप्रिल-मेच्या आमच्या उन्हात पाणी ओतायचीही गरज पडत नाही. मात्र किल्लीने जोर लावून ओढलेली खोल चीर तशीच राहिली. ती कुठल्याही पाण्याने भरत नाही, आणि भरते असं जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. व्हिनाइलवरच्या रेघा अर्थातच राहिल्या.

तिसरी चाचणी आमच्या भागाचीच. हापूस काढताना देठातून जो चीक उडतो, तो अंगावर पडला तर कातडी भाजते. त्याचे थेंब तिन्ही ठिकाणी टाकले आणि तीन दिवस तसेच ठेवले. उघड्या रंगावर क्लिअर कोट खडबडीत झाला, नखाला लागत होता. व्हिनाइलवर तपकिरी डाग कायमचा बसला. पीपीएफवर फिकट पिवळट वर्तुळ उरलं, धुऊन कमी झालं, पण पूर्ण गेलं नाही. म्हणजे पीपीएफ लावली तरी चीक त्याच दिवशी पुसायचा, एवढं शिकलो. मात्र तो डाग फिल्मवर होता, रंगावर नव्हता, आणि फिल्म उद्या बदलता येते.

गणपती येईस्तोवर व्हिनाइलच्या दोन कोपऱ्यांनी मान वर काढली होती आणि कडेला मातीची बारीक रेघ भरली होती. इथे व्हिनाइलची बाजू मांडायला हवी. मला मिळालेलं कातरण कॅलेंडर्ड जातीचं होतं, हे नंतर कळलं. कॅलेंडर्ड म्हणजे लाटण्याखाली लाटून काढलेलं. त्यात ताण राहतो, उन्हात ते आकसतं. कास्ट व्हिनाइल पातळ ओतून केलेलं असतं, ते जास्त टिकतं आणि वळणांवर नीट बसतं. भाच्याच्या गाडीवर कास्टच होतं आणि उभ्या पॅनेलवर ते तीन वर्षं छान राहिलं. छतावर आणि बॉनेटवर मात्र त्याचाही रंग उडाला, कारण आडव्या भागावर ऊन थेट पडतं आणि पीव्हीसी मऊ ठेवणारी द्रव्यं हळूहळू निघून जातात.

आणि त्याच भाच्याच्या गाडीने मला सगळ्यात मोठी गोष्ट शिकवली. गेल्या मे महिन्यात तो गाडी घेऊन आला तेव्हा रॅप काढलेलं होतं. दारांच्या कडेने, हेडलाइटभोवती, पेट्रोलच्या झाकणाभोवती केसाएवढ्या सरळ रेघा दिसत होत्या. ब्लेडच्या. ज्या दुकानात रॅप केलं, तिथल्या कारागिराने फिल्म गाडीवर ठेवून ब्लेडने कापली होती आणि रंग पत्र्यापर्यंत चिरला होता. पुण्याच्या कोरड्या हवेत तीन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. भाचा आमच्याकडे पंधरा दिवस राहिला आणि पेट्रोलच्या झाकणाभोवतीच्या रेघेवर तांबूस छटा आली. त्याचा चेहरा बघवत नव्हता. माझं काम त्याआधीच झालेलं होतं. घरी आल्यावर टॉर्च घेऊन ब्रेझाच्या सगळ्या कडा तासभर तपासल्या, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

तशी कुडाळला काम द्यायच्या आधी मी ब्लेडचं विचारलं होतं, ते महामंडळाच्या वर्कशॉपातल्या एका जुन्या पेंटरने बजावलं होतं म्हणून. "गाडीवर कापणार की मशिनवर?" त्यांच्याकडे प्लॉटर आहे, म्हणजे फिल्म कापायचं मशिन. गाडीच्या मॉडेलचा नकाशा कॉम्प्युटरमध्ये असतो, तुकडे आधीच कापून येतात. बंपरच्या एका कोपऱ्यात हाताने कापावं लागेल, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं आणि तिथे ब्लेडऐवजी दोऱ्याची टेप वापरली. टेप आधी खाली चिकटवायची, वर फिल्म बसवायची, मग टेपमधला दोरा ओढला की फिल्म कापली जाते आणि रंगाला धार लागत नाही. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. काम दुकान करत नाही, तो एक मुलगा करतो, आणि तो उद्या गोव्याला गेला तर माझी शिफारस वाचून जाणाऱ्याची फसगत होईल. तुमच्या गावात जो कुणी असेल त्याला ब्लेडचा प्रश्न विचारा आणि त्याने आधी केलेल्या गाडीच्या कडा उन्हात बघा.

दुसरं विचारायचं ते मालाचं. बाजारात टीपीएच नावाची फिल्म पीपीएफ म्हणूनच विकतात आणि ती पुष्कळ स्वस्त असते. मुळात ती पीव्हीसीच्याच कुळातली, मऊ केलेली. मी दोन्हीचे तुकडे हातात घेऊन ताणून पाहिले. टीपीयू रबरासारखी परत आली, टीपीएच ताणल्याजागी सैल पडून राहिली. खोका समोर फोडायला सांगा, रोलवरचा नंबर वॉरंटी कार्डावर लिहून घ्या. मी गरवारेची घेतली. त्यांचा कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला आहे, आणि आपल्या राज्यात बनणारा माल असेल तर मला तो आधी बघावासा वाटतो. परदेशी कंपन्यांचाही माल चांगला आहे असं दुकानातला मुलगा सांगत होता, फक्त माझ्या आकड्यात बसत नव्हता.

शेवटी पूर्ण गाडी केलीच नाही. बॉनेट, पुढचा बंपर, दोन्ही फेंडर, आरशांच्या टोप्या, चारही दारांच्या कडा, हँडलच्या मागच्या वाट्या जिथे अंगठीचे ओरखडे पडतात, आणि डिकी उघडल्यावर सामान घासतं ती बंपरची वरची कड. कडा आणि वाट्या त्याने वरचे दीड हजार घेऊन केल्या, बाकी सगळं ३४ हजारांत बसलं. ब्रेझाच्या चाकांभोवती आणि खाली काळं प्लॅस्टिक आहेच, तिथे रंग नाही, फिल्मचीही गरज नाही. कौलंही त्याच महिन्यात बदलली.

काम दिवाळीनंतर, नोव्हेंबर २०२४मध्ये केलं. पावसाळ्यात करू नका. पीपीएफ ओली लावतात, साबणाच्या पाण्यावर सरकवत सरकवत, मग स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, पाणी बाहेर काढतात. थोडी ओल आत राहतेच आणि ती फिल्ममधून हळूहळू सुकते. जुलैच्या हवेत ती किती दिवसांत सुकेल? माझ्या बॉनेटवर सुरुवातीला दुधी चट्टे होते, ते बाराव्या दिवशी पूर्ण गेले. व्हिनाइल कोरडं लावतात, हीट गनने, त्यामुळे त्याला ही अडचण नाही. दोन दिवस गाडी तिथेच ठेवावी लागली. आधी त्यांनी गाडी धुऊन, चिकणमातीच्या गोळ्याने घासून कण काढले, आणि माझा टचअप केलेला दाणा दाखवून सांगितलं, "काका, हा खालून दिसत राहणार." दिसतो. फिल्म डाग लपवत नाही.

वर्षभरात काय झालं ते सांगतो. आंब्याच्या मोहरात तुडतुडे पडले की झाडाखालच्या गाडीवर चिकटा गळतो आणि त्यावर काळी कोळशी धरते. बागेत गाडी उभी करावीच लागते. पूर्वी दारावरचा चिकटा काढताना रंगावर जाळी उमटायची. बॉनेटवर कोमट पाण्याने आणि मऊ फडक्याने तो अलगद निघाला. बंदरावरून बांगड्याची पेटी आणताना बर्फाचं खारं पाणी डिकीच्या कडेवर सांडलं, तिथे धुऊन टाकलं, डाग नाही. कणकवलीच्या फेऱ्या महिन्याला सहा-सात होतात, बॉनेटवर आता पाच खळगे मोजले आहेत, बोट फिरवल्यावर लागतात. रंग एकाही ठिकाणी उडालेला नाही. ज्या दिवशी पाचवा मोजला, त्या दिवशी खरंच बरं वाटलं.

तक्रार एकच. ऑगस्टमध्ये डाव्या फेंडरच्या मागच्या कडेला फिल्म अर्धा इंच सुटली आणि आत लाल चिखल शिरला. चूक माझी असण्याचा संभव आहे, कारण त्याच आठवड्यात सर्व्हिस सेंटरला प्रेशरच्या पाण्याने धुतली होती आणि नळी कडेच्या फार जवळ धरली होती. दुकानाने तेवढी कड साफ करून, गरम करून पुन्हा बसवली, पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून मी प्रेशर मारणाऱ्याला लांबून मारायला सांगतो. बोअरच्या खारट पाण्याने धुऊन गाडी उन्हात तशीच सुकवली तर फिल्मवर पांढरे ठिपके बसतात, म्हणून शेवटचं पाणी विहिरीचं घालून लगेच पुसतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे, कारण आमच्या वाडीतल्या दोघांनी याच गैरसमजात पैसे घातले. पीपीएफ किंवा व्हिनाइल, दोन्ही गाडीला गंजापासून वाचवत नाहीत. किनाऱ्यावरच्या गाडीला गंज येतो तो मुख्यतः खालून: चाकांच्या आतल्या बाजूला, दाराच्या खालच्या शिवणीत, जिथे मीठ आणि ओल साठते. फिल्म फक्त वरून बसलेल्या खड्याची जखम टाळते. खालच्या बाजूला अँटीरस्ट कोटिंग वेगळं करावं लागतं, दारांच्या तळाची पाणी जायची भोकं काडीने साफ करावी लागतात, आणि पावसाळ्यानंतर एकदा गाडी रॅम्पवर चढवून खालून धुवावी लागते. पत्र्यावर आधीच गंज असेल तर त्यावर फिल्म अजिबात लावू नका. आणि पॅनेल कधी बाहेर रंगवलेलं असेल तर दुकानाला आधी सांगा. तो रंग कारखान्यातल्या भट्टीत पक्का झालेला नसतो, फिल्म काढताना सोबत निघून येऊ शकतो.

व्हिनाइल कुणी घ्यावं? ज्याला रंगच बदलायचा आहे, गाडी शहरात चालते, रात्री झाकलेल्या जागेत उभी राहते आणि तीन-चार वर्षांत विकायची आहे, त्याने खुशाल घ्यावं. कास्टच घ्यावं, आणि आरटीओचं ध्यानात ठेवावं. आरसी बुकावर गाडीचा रंग लिहिलेला असतो. पूर्ण रंग बदलला तर आरटीओत कळवून नोंद करून घ्यावी लागते. आमच्या एमएच-०७ वाल्यांना त्यासाठी ओरोसला एक फेरी आलीच. नाहीतर नाक्यावर हवालदाराने कागद मागितला की कागदावर पांढरी आणि समोर काळी. विमा कंपनीलाही सांगून ठेवावं. पारदर्शक पीपीएफला हा प्रश्न नाही, रंग तोच राहतो.

माझ्या जावयाला छत काळं हवं आहे. त्याला मी छतापुरतं व्हिनाइल लाव म्हटलंय, पण दोन-तीन वर्षांत बदलावं लागेल हे धरून, आणि बॉनेटला हात लावायचा असेल तर पीपीएफच.

फिल्म पिवळी पडते का, हे आणखी तीन पावसाळ्यांनंतर सांगता येईल. आज तरी निळा रंग शेजारच्या उघड्या दाराइतकाच निळा दिसतो. ते भंगारातलं बॉनेट अजून माडाखाली आहे. सोललेल्या पीपीएफच्या जागी मी नवं कातरण लावून ठेवलंय, यंदाच्या आंब्याला पुन्हा चीक टाकून बघायचा आहे, या वेळी एका दिवसाने पुसून. आचऱ्याच्या बाजूला आलात तर येऊन बोट फिरवून बघा.